सुमित्रा भावे आणि आम्ही दोघी

प्रारंभीच एक कबुली दिलेली बरी. सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांविषयी आमचे मत बरीच वर्षे फारसे चांगले नव्हते. आम्ही दोघी नागपूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम. ए.ला एका बाकावर होतो, आता एका विभागात आहोत, आणि हा लेखही दोघींनी मिळून लिहिला आहे. तेव्हा येथील 'आम्ही' हे आदरार्थी नसून खरोखरीचे बहुवचन आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका चर्चासत्रात मराठी चित्रपटावर निबंध वाचण्याची संधी आली, तेव्हा आम्ही भावे यांच्या चित्रपटांचे वर्णन 'उपयुक्त चित्रपट' असे केले होते. साहित्याच्या वर्तुळात 'उपयुक्त' हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला जातो, हे वाचकांना सांगायला नको. सभागृहात हशा पिकला. त्या हशाचा आनंद आम्हांला बरेच दिवस पुरला.

त्या निबंधाची हस्तलिखित प्रत अजून आमच्या कपाटात आहे. ती मध्यंतरी पुन्हा वाचली आणि तिचा प्रतिवाद आपणच केला पाहिजे असे वाटले. हा लेख म्हणजे तो प्रतिवाद. पण तो केवळ वाङ्मयीन स्वरूपाचा राहिलेला नाही, याची जाणीव आधीच देऊन ठेवतो.

सुमित्रा भावे यांचा आम्ही पाहिलेला पहिला चित्रपट 'वास्तुपुरुष' (२००२). तोही आम्ही त्यांच्यासाठी पाहिला नाही. त्यात महेश एलकुंचवार आहेत, एवढेच आम्हांला ठाऊक होते. नागपुरात मराठी शिकणाऱ्या मुलींना एवढे कारण पुरेसे होते. ज्यांचे 'वाडा चिरेबंदी' आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते, तो लेखक प्रत्यक्ष पडद्यावर पाहायला मिळणार! कुणाकडून तरी आणलेल्या व्हीसीडीवर, मे महिन्याच्या दुपारी, कूलरच्या घरघरीत अर्धेअधिक संवाद बुडत असताना आम्ही तो पाहिला. नामवंत डॉक्टर झालेला भास्कर आपल्या जुन्या घरी परततो आणि त्याच्या आठवणींतून ते सारे घर उलगडत जाते. प्रौढ भास्करची भूमिका एलकुंचवारांची. ती लांबीने मोठी नाही. ते वाड्यातून फिरतात, पाहतात, थांबतात. आम्हांला तेव्हा गंमत वाटली ती एवढीच, की एका वाड्याचा नाटककार दुसऱ्या कुणाच्या वाड्यात पाहुणा म्हणून आला आहे.

दोन्ही वाड्यांतील फरक कळायला वेळ लागला. 'वाडा चिरेबंदी'त वऱ्हाडातल्या एका देशपांडे घराण्याचा ऱ्हास आहे. जमीन गेली, मान गेला, माणसे भिंतींना धरून बसली. 'वास्तुपुरुष'मधल्या घराचीही जमीन गेली आहे. काका भुईखाली पुरलेल्या धनाच्या शोधात घर खणत सुटले आहेत, वडील गांधीवादाच्या जुन्या पुण्याईवर जगत आहेत. पण या घरात उत्तरा बावकर यांनी साकारलेली आई आहे. या घराण्याने पिढ्यान्पिढ्या ज्यांना नाडले त्यांचे देणे लागतो, आणि ते माझ्या मुलाने फेडावे, असे तिला वाटते. तो डॉक्टर व्हावा आणि गरिबांची सेवा करावी, हा तिचा ध्यास आहे. एलकुंचवारांचे नाटक ऱ्हासाकडे डोळे न मिटता पाहते. भावे यांचा चित्रपट त्या ऱ्हासाला हिशेब विचारतो. हा हिशेब विचारणे आम्हांला तेव्हा कलादृष्ट्या कमअस्सल वाटले होते. कलाकृतीने प्रश्न विचारावेत, फेड सुचवू नये, असे आम्ही नुकतेच शिकलो होतो. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. आमच्या मतावर त्याचा परिणाम झाला नाही.

भावे यांच्या आयुष्याकडे आमचे लक्ष गेले ते वय चाळिशीकडे झुकल्यावर, आणि त्याचे कारण अगदी स्वार्थी होते. त्या आमच्यासारख्याच प्राध्यापिका होत्या. १२ जानेवारी १९४३ हा त्यांचा जन्मदिवस, पुणे हे गाव. शिक्षण राज्यशास्त्र व समाजशास्त्राचे. कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले, काही काळ आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून मराठी बातम्या वाचल्या. चित्रपटाचे शिक्षण असे त्यांनी कुठेच घेतले नव्हते. ऐंशीच्या दशकात त्या पुण्याच्या वस्त्यांमधील स्त्रियांचे, विशेषतः दलित स्त्रियांचे, संशोधन करत होत्या. त्यातील आठ जणींच्या आत्मकथनांचे पुस्तक गेल ऑम्व्हेट यांच्या इंग्रजी भाषांतरात 'पॅन ऑन फायर' या नावाने १९८८ साली प्रसिद्ध झाले. पण संशोधन चालू असतानाच त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली होती. ज्या बायकांविषयी अहवाल लिहायचा त्यांतल्या कितीतरी जणींना तो वाचता येणार नव्हता. त्यांचे म्हणणे त्यांच्यापर्यंत परत पोचवायचे कसे? या प्रश्नातून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे १९८७ मध्ये 'पाणी' आला. कॅमेऱ्याशी गाठ पडली तेव्हा भावे यांचे वय बेचाळीस वर्षांचे होते.

बेचाळीस हा आकडा आम्हांला टोचला. त्या वयात आम्ही काय करत होतो? २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या डोक्यावर एपीआयचे गुण बसवले होते आणि आम्ही ते वर्षानुवर्षे जमवत होतो. शोधनिबंध लिहीत होतो, छापून आणत होतो, त्याची प्रत फाइलीत लावत होतो. आमचे निबंध कोण वाचते, हा प्रश्न आम्हांला पडला नव्हता असे नाही. पण त्याचे उत्तर माहीत असल्यामुळे आम्ही तो विचारत नव्हतो. ज्यांच्याविषयी लिहितो त्यांना ते वाचता येणार नाही, म्हणून एका अध्यापिकेने माध्यमच बदलले. आम्ही फक्त फाइल बदलत होतो.

'स्वतंत्र चित्रपट' हा शब्द अलीकडे बराच सैल झाला आहे. अमेरिकेत त्याला निदान एक ठोस अर्थ होता: मोठ्या स्टुडिओच्या पैशाबाहेर आणि म्हणून त्याच्या हुकमाबाहेर केलेला चित्रपट. जॉन सेल्स हा त्या परंपरेतला एक महत्त्वाचा लेखक-दिग्दर्शक. मूळचा कथा-कादंबरीकार. रॉजर कॉर्मनसारख्या निर्मात्यासाठी 'पिरान्हा'सारख्या (१९७८) भयपटांच्या पटकथा लिहायच्या, त्यातून मिळालेला पैसा बाजूला टाकायचा आणि त्यातून आपल्याला हवा तो चित्रपट काढायचा, ही त्याची रीत. 'रिटर्न ऑफ द सिकॉकस सेव्हन' हा त्याचा पहिला चित्रपट अशाच पैशावर उभा राहिला. सेल्सला निदान विकायला हॉलिवूड होते. भावे यांच्याजवळ विकायला काय होते? 'दोघी' (१९९५) राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामुळे झाला. पुढे कधी एखादी सामाजिक संस्था, कधी एखादा डॉक्टर, कधी मित्र, असे निर्माते त्यांनी जोडले. कथा, पटकथा, संवाद बहुतांशी स्वतःचे, दिग्दर्शनात सुनील सुकथनकर बरोबर, गीते सुकथनकरांची, उत्तरा बावकर, रेणुका दफ्तरदार, देविका दफ्तरदार, अतुल कुलकर्णी, किशोर कदम, मोहन आगाशे हे वारंवार भेटणारे नट. डझनाहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट आणि कितीतरी लघुपट त्यांनी असे केले. मराठीत एवढे सातत्य एकाही स्वतंत्र पटकथाकार-दिग्दर्शिकेने दाखवलेले आम्हांला ठाऊक नाही.

या पद्धतीची एक किंमत होती आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पैसा विषयामुळे मिळत असेल तर चित्रपटाला विषयाशी इमान राखावे लागते. 'देवराई' (२००४) स्किझोफ्रेनियाचा, 'नितळ' (२००६) अंगावरील कोडाचा, 'एक कप च्या' (२००९) माहितीच्या अधिकाराचा, अशी त्यांची ओळख एका-एका शब्दात करून देता येते, आणि आम्ही त्या निबंधात तेच केले होते. आजही 'नितळ'मधील काही प्रसंगांत पात्रे परस्परांशी बोलत नसून आपल्याला समजावत आहेत असे वाटते. 'एक कप च्या'मधला कंडक्टर काशिनाथ सावंत, अवाच्या सवा वीजबिलाने हादरलेला, अर्ज कसा करावा हे शिकतो तेव्हा प्रेक्षकही शिकतो. आणि शिकणाऱ्या प्रेक्षकाला आपण वर्गात बसलो आहोत याचा विसर पडत नाही. हा दोष आहे. पण त्याच चित्रपटात त्या घरातली माणसे एकमेकांच्या ताटाकडे, अंथरुणाकडे, झोपेकडे ज्या तऱ्हेने पाहतात, त्याविषयी आमच्या निबंधात एक ओळही नव्हती. शेषचा आजार आम्ही पाहिला. त्याला सांभाळता सांभाळता सोनाली कुलकर्णीने साकारलेल्या बहिणीच्या चेहऱ्यावर साचत गेलेला थकवा पाहिला नाही. विषय दिसला की आमचे पाहणे थांबत असे. म्हणजे 'विषयपट' हा दोष काही अंशी आमच्या नजरेचाही होता.

'दहावी फ' (२००२) या चित्रपटाविषयी तर आम्ही शिक्षक असून काहीच लिहिले नव्हते. शाळेने खालच्या पायरीवर बसवलेली 'फ' तुकडीतली मुले अपमान सहन न होऊन प्रयोगशाळेची मोडतोड करतात. त्यांचे शिक्षक त्यांना वाऱ्यावर सोडत नाहीत आणि पाठीशीही घालत नाहीत. जे मोडले ते स्वतःच्या कष्टाच्या पैशातून उभे करायला लावतात. पुन्हा फेड! 'वास्तुपुरुष'मधली आई आणि 'दहावी फ'मधले मास्तर एकाच गावचे. त्या चित्रपटाला आम्ही 'आदर्शवादी' म्हणून बाजूला सारले होते. कोणत्याही शिक्षकाला सोयीचे असे ते विशेषण आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

२०१७ च्या सत्रात बी. ए.च्या अंतिम वर्षाला एक मुलगा होता. भंडारा जिल्ह्यातला. येथे त्याचे काही तपशील आम्ही मुद्दाम बदलले आहेत. जुलैत त्याने ग्रेसांच्या कवितेवर एक टिपण लिहून आणले होते. शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेले, पण गाइडातून न उतरवलेले. आमच्या पेशात याचे मोल मोठे असते. ऑगस्टच्या मध्यापासून तो येईनासा झाला. सप्टेंबरअखेरीस हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल रेघ ओढली गेली. पंच्याहत्तर टक्के उपस्थितीची छापील सूचना त्याच्या गावच्या पत्त्यावर गेली. ती सूचना आमच्याच सहीने जाते. आम्ही सही केली. 'हुशार होता, वाया गेला' असे विभागात आपसांत म्हटले, आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणतक्त्यांकडे वळलो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये 'कासव'ला सुवर्णकमळ जाहीर झाले होते. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. ऑक्टोबरात तो लागला. दुपारचा खेळ, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे प्रेक्षक. मनगटाची नस कापून घेतलेला, दवाखान्यातून निसटलेला एक तरुण रस्त्याच्या कडेला तापाने फणफणून पडलेला आहे. जानकी नावाची स्त्री त्याला उचलून कोकणातल्या किनाऱ्यावरच्या घरी आणते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती त्याला नाव विचारत नाही. का केलेस, घरी कोण असते, काहीच विचारत नाही. तो दार लावून घेतो, चिडतो, जेवण लोटून देतो. ती दाराबाहेर असते. किनाऱ्यावर मोहन आगाशे यांनी रंगवलेले दत्ताभाऊ कासवांची अंडी जपत असतात. आगाशे पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण येथे ते कासवांचे राखणदार आहेत, ही योजना आम्हांला फार अर्थपूर्ण वाटली.

मराठीच्या अध्यापकाला कासव म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक गीतेतले, अवयव आत ओढून घेणारे, स्थितप्रज्ञाचे. दुसरी संतांच्या कवितेतली कासवी: तिला स्तन्य नसते, ती पैलतीरावरून नुसते पाहते आणि त्या दृष्टीवर तिची पिल्ले वाढतात. ही कल्पना आम्ही वर्षानुवर्षे 'वात्सल्याची प्रतिमा, दोन गुण' अशी शिकवत आलो. प्रत्यक्षातली समुद्रकासवी तसे काही करत नाही. ती रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पिल्ले आपापली फुटतात आणि आपापली पाण्याकडे धावतात. संतकाव्य आणि प्राणिशास्त्र यांच्यामधल्या या जागेत 'कासव' उभा आहे, असे आम्हांला वाटते. त्या तरुणाने अवयव आत ओढले आहेत, ते स्थितप्रज्ञतेने नव्हे तर वेदनेने. त्याला जन्म देणारे निघून गेले आहेत. मग नजर कुणाची? जिचे ते पिल्लू नाही अशा कुणाची तरी. खड्ड्याभोवती जाळी लावायची, कोल्ह्या-कुत्र्यांना दूर ठेवायचे, आणि कवच मात्र आपण फोडायचे नाही. पिल्लाला हातात घेऊन थेट समुद्रात सोडायचे नाही. ती वाळू त्यानेच तुडवायची. एवढा संयम आम्ही कुठल्याही वात्सल्यरसात शिकवला नव्हता.

चित्रपटगृहातून बाहेर पडलो तेव्हा ऊन होते. आमच्यापैकी एकीने त्या मुलाचे नाव घेतले. दुसरीच्या मनातही तेच होते.

दोन दिवसांनी त्याच्या एका वर्गमित्राकडून पत्ता घेऊन आम्ही नंदनवनातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. जिना चढताना काय बोलायचे याची मनाशी जुळवाजुळव चालू होती. दार त्याने उघडले. दाढी वाढलेली, खोलीत दिवसाही दिवा. आम्हांला पाहून तो भ्यायला. परीक्षेचा अर्ज अडवायला आलो असे त्याला वाटले असावे. जुळवलेले काहीच बोलता आले नाही. "चहा मिळेल का?" एवढेच तोंडून निघाले. "दूध नाही, मॅडम," तो म्हणाला. मग तिघे खाली उतरलो. कोपऱ्यावर तर्री-पोह्यांची गाडी होती. पोहे खाल्ले, चहा घेतला. धानावर तुडतुडा पडल्याचे त्याने सांगितले. दोन महिने झोप नाही, हे पोहे संपल्यावर सांगितले, तेही रस्त्याकडे पाहत. आम्ही महाविद्यालयाचे नाव काढले नाही. हे शहाणपण आमचे नव्हते, दोन दिवसांपूर्वी तिकीट काढून घेतलेले होते.

तिसऱ्या भेटीत तो आमच्याबरोबर मेडिकलच्या मनोविकार विभागात यायला तयार झाला. पुढचे नीटस असे काही सांगण्यासारखे नाही. ते वर्ष त्याचे गेलेच. मध्ये एकदा औषधे सोडली, पुन्हा सुरू केली. पदवी त्याने दोन वर्षांनी घेतली. तो शिक्षक झाला नाही, कवीही झाला नाही. एका दुकानात हिशेब लिहितो आणि बरा आहे.

यानंतर आम्ही सुमित्रा भावे यांचे चित्रपट पुन्हा, क्रमाने पाहू लागलो. 'अस्तु' (२०१३) तेव्हाच नीट पाहिला. संस्कृतचे व्यासंगी पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशात सारे विसरत चालले आहेत. मुलगी त्यांना मोटारीत बसवून क्षणभर खाली उतरते, तेवढ्यात ते रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलते. तिला त्यांचे संस्कृत कळत नाही, त्यांना तिची कानडी कळत नाही, आणि ती त्यांना लेकरासारखे सांभाळते. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादलेखनासाठी भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ज्या चित्रपटाचा गाभा भाषेच्या लोपात आहे त्याला संवादांसाठी गौरवले जावे, यात विसंगती नाही. कुठे भाषा उरत नाही हे ज्याला कळते त्यालाच ती कुठे वापरावी हेही कळते. आम्ही पोटापाण्यासाठी भाषा शिकवतो. चन्नम्माने आमच्या विषयाची हद्द दाखवून दिली, आणि तिचा राग आला नाही.

१९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात सुमित्रा भावे गेल्या. महासाथीचे दिवस होते. ती बातमी इतर कितीतरी मृत्यूंच्या गर्दीत आमच्यापर्यंत पोचली. महिनाभराने, २१ मे रोजी, त्यांचा 'दिठी' प्रेक्षकांसमोर आला. या वेळी दिग्दर्शन त्यांचे एकटीचे होते. दि. बा. मोकाशी यांच्या 'आता आमोद सुनांसि आले' या कथेवरचा हा चित्रपट. रामजी लोहार, तीस वर्षांचा वारकरी. तरणा मुलगा पुराच्या पाण्यात गेलेला. सून बाळंत झाली तर मुलगी झाली. ज्या विठ्ठलाची वारी केली त्याच्याविषयी मनात आग. शेजारी 'अमृतानुभवा'चे वाचन चालू, आणि त्याच पावसाळी वेळी कुणाची तरी गाय अडते. अडलेली गाय सोडवणारे हात गावात रामजीचेच. तो जातो, वासरू बाहेर काढतो आणि त्या कामातच त्याच्या दुःखाची गाठ सैल होते.

मोकाशींची कथा आम्ही अनेकदा शिकवली आहे. २०२२ मध्ये वर्ग पुन्हा प्रत्यक्ष भरू लागले तेव्हा कथेबरोबर चित्रपटही दाखवला. फळ्यावर 'दृष्टी, दृश्य, द्रष्टा' असे लिहून अद्वैताची उकल चालली होती. मागच्या बाकावरून वर्धा जिल्ह्यातली एक मुलगी, जी वर्षभर कधी बोलली नव्हती, एकदम म्हणाली, "त्यानं बरोबर केलं, मॅडम. कळ आल्याशिवाय ओढाचं नाही. नाही तं गाय बी जाते अन् वासरू बी."

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. तिने वडिलांबरोबर दोनदा गाय सोडवली होती. वासराचा पाय दुमडला असेल तर आधी तो हलक्या हाताने मागे सारायचा, वाट करून घ्यायची, मग थांबायचे. गाईला कळ येईल तेव्हाच, तिच्या जोराबरोबर आपला जोर लावायचा. कळ ओसरली की हातही सैल सोडायचा. ती बोलत होती आणि आम्ही दोघी खडू हातात धरून ऐकत होतो. मोकाशींची कथा आणि भावे यांचा चित्रपट यांतले जे आम्हांला इतक्या वर्षांत नेमके सांगता आले नव्हते, ते तिने पाच मिनिटांत सांगितले. 'उपयुक्त' हा शब्द त्या दिवसापासून आम्ही निंदेच्या अर्थाने वापरलेला नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्या मुलाला विचारणे आवश्यक होते. 'मुलगा' म्हणायचे केवळ सवयीने. तो सीताबर्डीवर भेटला. त्याच्या टिपणाविषयी, खोलीविषयी, पोह्यांविषयी लिहू का, असे विचारले. "लिवा ना मॅडम, नाव नका टाकजा फक्त," तो हसून म्हणाला. तेव्हा आम्ही त्याला प्रथमच सांगितले की त्या दिवशी आपणहोऊन आलो नव्हतो. एक चित्रपट पाहिला होता, म्हणून आलो. इतकी वर्षे हे सांगायचे राहून गेले होते, किंवा आम्हीच राहू दिले होते.

त्याने थोडा वेळ विचार केला. रागाने नव्हे, हिशेब लिहिणारा माणूस एखादी रक्कम पुन्हा तपासून पाहतो तशा स्वरात त्याने विचारले, "मंग पिक्चर पायला नसता तं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. त्याने आग्रह धरला नाही. त्याला दुकानात परतायचे होते. या सत्रात हजेरीपट पुन्हा आमच्याच टेबलावर आहे. लाल रेघ अजून आम्हीच ओढतो. पण आता ओढण्याआधी त्या नावाच्या मुलाचा पत्ता काढतो. चार वेळा गेलो. दोनदा दार उघडले.